आवाज अठराशे आरपीएमला ऐक

‘काका, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, आता मिशिगनमध्ये नोव्हायला असतो. गेल्या वर्षी सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली. २०१९ ची, ५ लिटर व्ही-एट, ऑटोमॅटिक. फोर्डचा ‘ॲक्टिव्ह एक्झॉस्ट’ (झडपांनी आवाज कमी-जास्त करणारा) माझ्या गाडीत नाही. आवाज इतका सोज्वळ की शेजाऱ्यांची टोयोटा कॅमरीसुद्धा जास्त बोलते. २,००० डॉलर बाजूला काढलेत. एक मित्र म्हणतो, मफलर काढून सरळ पाईप जोड, दोनशेत काम होतं. दुसरा म्हणतो, लाँग ट्यूब हेडर (इंजिनातून धूर नेणाऱ्या लांब नळ्या) टाक आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून फेक, मिशिगनमध्ये धुराची तपासणी होतच नाही. महिनाभर यूट्यूबवर आवाज ऐकतोय, आता सगळे सारखेच वाटायला लागलेत. रोज जाऊन-येऊन ६० मैल हायवे आहे. सात महिन्यांचं बाळ आहे आणि त्याची खोली गॅरेजच्या बरोबर वर. बायकोची अट एकच, बाळ उठलं तर गाडी विकायची. काय घेऊ?’

कोल्हापूरकरा,

तुला सरळ ‘तू’ म्हणतो. तुझ्या वयाचा भाचा आहे मला आणि तोही असाच वेडा आहे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुझं नाही, तुझ्या बायकोचं आहे. गाडीकडून काय हवं हे आम्ही डेट्रॉईटच्या ऑफिसात जे चाळीस पानांत लिहायचो, ते तिने एका ओळीत लिहून दिलंय. ती ओळ फ्रीजवर चिकटव आणि मग खरेदीला लाग.

आता यूट्यूबचं. त्या व्हिडिओंत काय असतं? गाडी उभी, कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबतो, घर्रर्र होतं. नाहीतर फुल थ्रॉटलवर कॅमेऱ्यासमोरून सुसाट जाते. मोठा आवाज आला की मोबाइलचा माईक स्वतःच तो दाबतो, म्हणून तुला सगळे सारखे वाटतात, ते बरोबरच आहे. पण मुद्दा वेगळा. तू दिवसातून किती सेकंद फुल थ्रॉटल देणार आहेस? आय-९६ हायवेवर सकाळी सात वाजता? तुझ्या गाडीत मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो ३.१५ असेल, तर दहाव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन साधारण १,८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी, फिरतं. ३.५५ असेल तर दोन हजारांच्या आसपास. रोजचा तासभर तू तिथे राहणार आहेस. एक्झॉस्ट निवडायचा तो त्या १,८०० वर कसा वागतो ते बघून. वरचं सगळं आपोआप छान लागतं. व्ही-एट पाच हजारांवर वाईट ऐकू येणं तसं अवघडच.

थोडं गणित, कंटाळू नकोस. १,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे. आठ सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला चार स्फोट. म्हणजे सेकंदाला १२० ठोके, १२० हर्ट्झ. हा खर्जातला स्वर आहे आणि गाडीची केबिन ही एक बंद पेटी. त्या आसपासचा स्वर पेटीला सापडला की पेटी स्वतःच घुमायला लागते. इथले लोक याला ‘ड्रोन’ म्हणतात. हा उडणारा नव्हे, तंबोऱ्याची एकच तार कोणीतरी कानाशी धरून तासभर छेडत बसावं तसा. मोठा असतो असंही नाही. संपत नाही, हे त्याचं दुखणं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्याकडे २००१ ची जीटी होती, ४.६ लिटरची. स्वस्तात मिळाले म्हणून मी तिला दोन मफलर लावले. कोणाचे ते सांगत नाही. गल्लीत असा काही आवाज यायचा की मीच आरशात बघून हसायचो. मग एका शनिवारी आम्ही दोघं शिकागोला निघालो, डेव्हॉन अव्हेन्यूवर किराणा भरायला. ॲन आर्बरपर्यंत आम्ही बोलत होतो. जॅक्सननंतर बोलणं बंद झालं, भांडण नव्हतं, ऐकूच येत नव्हतं. कपहोल्डरमधली चिल्लर ताल धरून थरथरत होती. कॅलमझूला बायकोने पर्समधून कापूस काढून कानात घातला. येताना तांदळाची पोती माझ्याबरोबर गाडीत आली आणि ती ॲमट्रॅकने. पुढच्या आठवड्यात जुने मफलर परत लावले. ते फेकले नव्हते, एवढाच त्या प्रकरणातला शहाणपणा.

तेव्हा पहिल्या मित्राचा सल्ला बाद. कोल्हापूरला आपण ज्याला सायलेन्सर म्हणायचो त्याला इथे मफलर म्हणतात आणि आपल्याकडे मफलर आजोबा गळ्यात गुंडाळतात. शब्द काहीही असो, तो डबा नुसता आवाज कमी करायला नसतो, कुठला आवाज ठेवायचा आणि कुठला मारायचा ते तो ठरवतो. डबाच काढलास की निवड संपली. चांगलं-वाईट सगळं घरात येतं.

दुसरा मित्र जास्त धोक्याचा, कारण त्याचं अर्धं खरं आहे. मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक धूर-तपासणी नाही, हे खरं. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे आणि १९९० च्या दुरुस्तीपासून ते फक्त गॅरेजवाल्याला नाही, गाडीच्या मालकालाही लागू आहे. तुझ्या गाडीत कॅट मॅनिफोल्डच्या (इंजिनाला चिकटलेल्या धुराच्या नळ्यांच्या) अगदी खाली आहेत. लाँग ट्यूब हेडर घातलेस की ते मूळ जागी राहूच शकत नाहीत. मग मागचे ऑक्सिजन सेन्सर ओरडतात, पी०४२० आणि पी०४३० हे कोड येतात, दिवा लागतो, दिवा घालवायला ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले बदल), ट्यूनचे वेगळे पैसे. कॅटवर फोर्डची केंद्रीय कायद्यानुसारची वॉरंटी ८ वर्षं किंवा ८०,००० मैल असते, तीही हातची गेली. उद्या नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेलास तर गाडी तिथे पासच होणार नाही. हे सगळं सोडून दे. ज्याचा तुझा मित्र विचारच करत नाही ते म्हणजे वास. कॅट नसलेली गाडी गॅरेजमध्ये दोन मिनिटं चालली की वास कपड्यांना, गाडीतल्या बेबी सीटला, सगळ्याला लागतो. आणि गॅरेजच्या वर कोण झोपलंय ते तूच लिहिलंयस.

तो विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कॅट जागेवर असले तरी थंड इंजिनाचे पहिले काही क्षण ते काम करत नाहीत, तापेपर्यंत नाही. म्हणून इंजिन सुरू होताच बाहेर काढायची, दार उघडं असलं तरी आत तापवत बसायचं नाही. बाळाच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर २,००० मधले पहिले तीस-चाळीस डॉलर त्याचे.

आता मजेचं बोलू. व्ही-एटचा तो ‘गडगड’ आवाज येतो कुठून? लोकांना वाटतं मोठ्या इंजिनातून. तो येतो बेतालपणातून. तुझ्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, आहे १-५-४-८-६-३-७-२. फोर्डच्या हिशेबात १ ते ४ एका बाजूला, ५ ते ८ दुसऱ्या. आता बाजू म्हणून वाच: उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी, डावी, उजवी. आणि पुन्हा सुरुवात उजवीपासून. बघ, एका जागी डावी लागोपाठ दोनदा, एका जागी उजवी लागोपाठ दोनदा. इंजिन म्हणून ठोके समान अंतराने पडतात, पण एका बाजूचा पाईप वेगळा ऐकलास तर ते अडखळत पडतात. टेबलावर दोन हातांनी वाजवून बघ, ढोलाच्या ठेक्यासारखी ओढ येते. अमेरिकन मसल कारचा आवाज म्हणजे एवढंच. मस्टँगच्याच शेल्बी जीटी३५० या मॉडेलमध्ये फोर्डने क्रँकशाफ्टच (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) वेगळ्या घडणीचा, फ्लॅट-प्लेन घातला, ठोके बाजूबाजूने नीट वाटले गेले आणि ती गाडी फेरारीच्या वळणाने किंचाळायला लागली. सुंदर किंचाळते, पण गडगडत नाही.

म्हणून दोन बाजूंचे पाईप मध्ये कसे जोडायचे, यावर लोक एवढे भांडतात. दोन समांतर पाईपांत नुसती आडवी नळी, इंग्रजी ‘एच’सारखी, म्हणजे दोन्ही बाजू आपापलं अडखळणं बऱ्यापैकी राखतात. आवाज जुना, जाड, साठच्या दशकातला. पाईप एकमेकांतून जाणारे ‘एक्स’सारखे केले तर दोन्हींचे ठोके मिसळतात. आवाज गुळगुळीत, चढा, वर गेला की थोडा खरखरीत. ताकदीच्या दृष्टीने एक्स किंचित पुढे असं सांगतात, पण रस्त्यावर तुला तो फरक कळणार नाही आणि मलाही नाही. तुला ‘बोलणारी’ गाडी हवीय, तर कल एचकडे ठेव. हे माझं मत. याच्या उलट मत असणारे किमान तीन मराठी इंजिनिअर तुला इथल्या कँटन गावातच भेटतील.

हॉर्सपॉवरचं एकदाच बोलतो. कंपनीतूनच ४६० आहे. मागचा एक्झॉस्ट बदलून त्यात पडणारी भर हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. त्यासाठी पैसे घालणं म्हणजे वजन कमी करायला केस कापणं. आणि कोणी ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (धुराला अडवणारा दाब) लागतंच’ म्हणालं तर मान डोलाव आणि विषय बदल. लागतो तो वायूचा वेग. तो टिकवायला पाईप फार रुंद नसावा, एवढंच त्यातलं सत्य. तुझ्या टर्बो नसलेल्या इंजिनाला अडीच ते तीन इंचांच्या पलीकडे जायचं कारण नाही.

आता मफलरच्या पोटात काय असतं ते बघ, कारण ड्रोनचा निकाल तिथे लागतो. एक प्रकार कप्प्यांचा, फ्लोमास्टरने प्रसिद्ध केलेला. आत पत्र्याच्या भिंती, आवाज आपटत-आपटत बाहेर येतो, थोडा पत्र्याच्या डब्यासारखा. ज्याला तोच आवडतो त्याला दुसरं काही आवडत नाही. दुसरा प्रकार सरळ नळीचा, बोर्ला आणि मॅग्नाफ्लो यांचा. भोकं पाडलेली नळी, भोवती तंतूंचं भरण. वायू सरळ जातो, वरच्या पट्टीचा आवाज भरण गिळतं. पण खर्ज गिळायला भरण जाड लागतं आणि डबा लांब. म्हणून छोटा, स्वस्त सरळ नळीचा मफलर हायवेवर हमखास घुमतो. शिवाय स्वस्तातलं भरण काही वर्षांत जळून उडून जातं आणि आवाज वाढत जातो. घेताना ऐकलेला आवाज तो नव्हेच. तिसरा प्रकार कोर्साचा. त्यात आवाजाची एक लाट वळसा घालून उलट्या पावलाने परत आणतात, की मूळ लाट आणि ती एकमेकींना खोडतात. तेही मुद्दाम हायवेच्या आरपीएमपुरतं. महाग आहे, पण तुझी ६० मैलांची ये-जा बघता मी आधी तेच ऐकेन.

हीच युक्ती साध्या पाईपनेही करता येते. मुख्य पाईपला एका टोकाने बंद अशी आडशाखा जोडायची, इथले वेल्डर तिला जे-पाईप म्हणतात. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, तेवढ्यात अर्धं चक्र उलटलेलं असतं. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर जातो. १२० हर्ट्झच्या लाटेची पाव लांबी काढलीस तर मीटरभर येते, प्रत्यक्षात थोडी कमी, कारण बंद शाखेतला वायू निवतो. म्हणजे उद्या काही चुकलंच, तर सगळं काढून फेकायची गरज नाही. चांगला मफलरवाला शे-दोनशेत ड्रोन मारून देतो.

कंपन्या आवाजाच्या पायऱ्या लावतात. बोर्लाचं टूरिंग, एस-टाइप, अटॅक. कोर्साचं टूरिंग, स्पोर्ट, एक्स्ट्रीम. मुलांनी पार्किंगमध्ये कितीही नाकं मुरडली तरी तू पहिल्या पायरीपासून बघायला सुरुवात कर, फार तर दुसरी. तुझ्या मॉडेलला कुठल्या पायऱ्या मिळतात ते पार्ट नंबरवरून तपास. २०१५ ते २०१७ च्या जीटीला मागे दोन टोकं होती, तुझ्याला चार आहेत, त्यामुळे जुन्या गाडीचा माल स्वस्तात मिळाला तरी बंपरच्या खाचेत नीट बसायचा नाही. आणि कोणी वापरलेला ॲक्टिव्ह एक्झॉस्ट विकत असेल तर भुलू नकोस. त्यातल्या झडपांच्या मोटारींना वायरिंग आणि कंट्रोल लागतो, तुझ्या गाडीत ते नाही.

त्या झडपांची गंमत माहीत आहे का? फोर्डचे वाहन अभियांत्रिकीचे माजी प्रमुख स्टीव्ह फॉन फोर्स्टर इथेच डेट्रॉईटच्या उपनगरात राहायचे. एकदा त्यांनी शेल्बी जीटी३५० सुरू केली, तर शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला. त्यातून २०१८ च्या मस्टँगमध्ये ‘क्वाएट’ मोड आला. सुरू होतानाचा आवाज ८२ डेसिबलवरून ७२ वर आणतो आणि कानाला १० डेसिबलचा फरक म्हणजे साधारण निम्मा. तुझ्याकडे ते बटण नाही. थंड इंजिन कॅट तापवायला पहिला मिनिटभर चढ्या आयडलवर चालतं, म्हणजे तुझा सगळ्यात मोठा आवाज सकाळी साडेसहाला, बाळाच्या पाळण्याखाली. याला बटण नाही, पण निवड आहे. मधला रेझोनेटर, म्हणजे मफलरच्या आधीचा आवाज गाळणारा डबा, हलवू नकोस. फक्त मागचे मफलर बदलायचे, ज्याला ॲक्सल-बॅक म्हणतात. पूर्ण कॅट-बॅक, म्हणजे कॅटच्या मागचं सगळं, घेतलास तर बहुतेकदा मधला भागही बदलतो आणि पहाटेचा आवाज तिथेच सुटतो. म्हणजे वर मी एच-एक्सचं एवढं सांगितलं ते तुला लगेच लागणारही नाही, पण माहीत असावं. ॲक्सल-बॅकवर सहा महिने काढ. मन भरलं नाही आणि बाळ झोपत असलं, तर पुढे जा.

धातूचा विचार मिशिगनमध्ये तरी पहिला हवा. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजारेक फुटांवर मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात मीठ रस्त्यावर इतकं पसरतात की मार्चपर्यंत काळी गाडीही पांढरी दिसते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद सगळ्यात स्वस्त. ओरखडा पडला की तिथून गंज सुरू. ४०९ स्टेनलेसमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, वरून तांबूस होतं पण टिकतं बऱ्यापैकी. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणजे घरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्यांचा धातू. बारा महिने चालवणार असशील तर ३०४ च घे. दुकानात जाताना फ्रीजवरचं चुंबक खिशात टाक. ४०९ ला ते चिकटतं, ३०४ ला सरळ भागावर चिकटत नाही, वाकवलेल्या जागी किंचित ओढलं तर घाबरू नकोस. टोकांना नाही, पाईपला लाव. टोकं सगळेच चकचकीत देतात.

चांगला ३०४ चा ॲक्सल-बॅक तुझ्या दोन हजारांत बसतो. उरलेल्या पैशांत हिवाळी टायर घे. रिअर-व्हील ड्राइव्ह, ४६० हॉर्सपॉवर आणि जानेवारी, यावर मी जास्त बोलत नाही.

घेण्याआधी प्रत्यक्ष ऐक. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत रस्ताभर गाड्या. तुझ्यासारखीच जीटी, पिवळी, निळी, काळी, तिथे दर शंभर पावलांवर दिसेल. मालक खुर्ची टाकून शेजारीच बसलेला असतो आणि त्याला बोलायचंच असतं. ‘रेव्ह करून दाखव’ म्हणू नकोस, तेच दाखवायला तो टपलेला असतो. म्हण, मला तुझ्या शेजारच्या सीटवर दहा मिनिटं हायवेवर ने, ७० वर, क्रूझ कंट्रोल लावून. दोघांपैकी कोणाला आवाज चढवावा लागला तर तो मफलर यादीतून काढ. जमलं तर बायकोलाही बसव, निर्णय नाहीतरी तिचाच आहे.

बसवताना एकच सांभाळ. मूळ पाईप न कापता बसतो का, हे सूचनापत्रकात आधी वाच. कापावा लागत असेल तर परतीची वाट महाग होते. पाईप टांगणारे रबरी हँगर ओढून तोडू नकोस, साबणाचं पाणी लाव, सरकतात. मिठाने धरलेल्या नटबोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार. चारही टोकं बंपरपासून सारखी दिसेपर्यंत क्लॅम्प ढिले ठेव, मग आवळ, आणि शंभरेक मैलांनी गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळ. पहिल्या दिवशी थोडा धूर आणि तेलकट वास येईल, कारखान्यातलं तेल जळतं ते. तो कार्यक्रम ड्राइव्हवेवर कर.

जुने मफलर बेसमेंटमध्ये, बोल्टांसकट, एका पिशवीत घालून ठेव. माझे वॉशिंग मशीनच्या मागे होते.